अंगणातली ड्युटी

गाडीचा डॅशबोर्ड मी पहिल्यांदा उघडला तो वडिलांना ती नीट चालवता यावी म्हणून, आणि दुसऱ्यांदा उघडला तो त्यांना ती कधीच चालवता येऊ नये म्हणून.

कळंबला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी आणि त्यांचे स्टार्टर यांतच हयात गेली, त्यामुळे वायरींची मला भीती वाटत नाही. वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. ते रिटायर झाल्यावर आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली, पण त्यांच्या हातांना ती कधी उमगलीच नाही. लाइट लावायचा म्हटलं की हात सवयीनं बसच्या बटणांच्या जागी जायचा, आणि तिथं नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. "ह्ये काय खेळनं हाय व्हय?" म्हणून कुरकुरायचे. शेवटी आमच्या गावी, अवसरीला, घराच्या अंगणात मी डॅशबोर्ड सोडवला. स्क्रू हरवू नयेत म्हणून आईच्या परातीत ठेवले, त्यावरून तिची बोलणी खाल्ली. स्टार्टरच्या जुन्या डब्याचा पत्रा कापला आणि त्यावर लाइट, वायपर, पंख्याची जाड खटक्याची बटणं ओळीनं बसवली. वडिलांनी एकेक बटण खाली-वर करून पाहिलं. "आता गाडी वाटती, राव," म्हणाले. मला राव म्हणाले म्हणजे स्वारी खूश होती.

पुढं त्यांना विसर पडायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग वार. एकदा मंचरला औषधं आणायला गेले ते परतच येईनात. दुकान बंद करून शोधत गेलो, तर आमची एवढीशी गाडी स्टँडवर फलाटाला लावलेली. मागं बस हॉर्न मारतेय आणि वडील स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेले. लोक हसत होते. माझा राग नाकावरच असतो, मी हसणाऱ्यांपैकी एकाची गचांडी धरली. डॉक्टरांनी बजावलं, यापुढं यांच्या हातात गाडी देऊ नका.

किल्ली लपवणं सोपं होतं. त्यानंतरचं अवघड होतं. रोज सकाळी दाढी करून, खाकी शर्ट घालून वडील किल्ली शोधायचे. फडताळ, देव्हारा, पिठाचा डबा, सगळं उलथंपालथं. सापडली नाही की ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडायचे. "माजी काय चूक झाली? कुनाला ठोकलं का मी? कामावरून का काढलं मला?" ज्या माणसानं सगळ्या नोकरीत कुणाला ओरखडा येऊ दिला नाही, त्यानं हे विचारावं! माझ्यानं बघवेना. त्यांची गाडी बंद करायची होती, नोकरी नव्हे.

म्हणून डॅशबोर्ड पुन्हा उघडला. इंजिन सुरू करणारी वायर आणि पेट्रोलच्या पंपाची वायर तोडली, टोकांना टेप गुंडाळली. बाकी सगळं जिवंत ठेवलं. मीटरचे दिवे, इंडिकेटर, वायपर, पंखा, सगळं चालत होतं. बॅटरी उतरू नये म्हणून घरातून चार्जरची वायर ओढली आणि चाकांखाली दगड लावले. दुसऱ्या कुणी परस्पर मोटर चालू करू नये म्हणून लोकांच्या विहिरींवर मी अशी कामं कितीतरी केली आहेत.

किल्ली वडिलांच्या हातात दिली आणि आई न् मी ओट्यावर बसलो. इंजिन लागलं नाही की ते खेकसणार, मग काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. त्यांनी किल्ली फिरवली. दिवे लागले. आरसा नीट केला आणि ते नुसतेच बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं, जेवायला हाका मारल्या, तरी उठेनात. आईनं जवळ जाऊन विचारलं, "आवो, कुनाची वाट बघताय?"

"घंटी न्हाई झाली अजून."

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! सगळी गाडी केली आणि कंडक्टर विसरलो. त्यानं दोरी ओढून दोन टोले दिल्याशिवाय एस.टी.चा ड्रायव्हर गाडी हलवत नाही, आणि एक टोला पडला की थांबवतो. मंचरच्या फलाटावरही ते घंटीचीच वाट बघत बसले असणार, हे मला तेव्हा कळलं.

मी दारावरची घंटी काढून डॅशबोर्डच्या मागं बसवली आणि तिचं बटण मागच्या सीटजवळ आणलं. आई मेथीची जुडी घेऊन मागं बसली आणि तिनं दोन टोले दिले. वडिलांनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि निघाले. इंजिनाचा आवाज त्यांना कुठून ऐकू येत होता, देव जाणे. "लगीन झाल्यापासनं यांच्या गाडीत नीट बसाया मिळालं न्हाई, आता रोजच!" आई हसत म्हणायची आणि पदरानं डोळे पुसायची. जेवण झालं की ती एक टोला द्यायची. वडील ब्रेक ओढून मुकाट उतरायचे, हात धुऊन पानावर बसायचे. त्यांचं रडणं थांबलं. एवढ्यासाठीच सगळा खटाटोप केला होता.

परवा आई महाळुंगे पडवळला दशक्रियेला गेली होती, म्हणून मागं मी बसलो. दोन टोले दिले. गाडी निघाली. थोड्या वेळानं आरशात माझ्याकडं बघून वडील म्हणाले, "पावणं, कुठं उतरायचं?"

"अवसरीला," म्हणालो.

"मंग बसा निवांत. माजं बी गाव त्येच." ते खुलले. "माजा पोरगा हाय तिथं, वायरिंगचं काम करतो. लई तापट, पन हाताला गुन हाय. येक काम करताल का? त्याला म्हनावं, बापाची ड्युटी लांबलीय. आता काय घरी यायचं जमत न्हाई. वाट बघू नगं, जेवून घे."

"सांगतो," मी म्हणालो.