घरच्या दिवसापासून सुरू होणारा आठवडा

"मॅडम, तुमचा आठवडा कोणत्या वारापासून सुरू करू?" दुकानातल्या मुलीने विचारलं. मी भूगोल शिकवते. तारीख कोणत्या रेषेवर बदलते हे वर्गात ठणकावून सांगते. पण आठवडा कुठून सुरू करायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, हे मला जळगावातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात कळलं. दिवस आणि वर्ष सूर्याचं, महिना चंद्राचा. आठवडा मात्र आकाशात कुठेच नाही. माणसांनी तो आपल्या सोयीने बांधला आणि सगळं जग त्याच्या मागे चालू लागलं. त्या काउंटरपाशी उभी राहून मला या गोष्टीचं इतकं नवल वाटलं, की मागच्या गिऱ्हाइकाला दोनदा खाकरावं लागलं.

त्या दुकानात साप्ताहिक प्लॅनर मागणीप्रमाणे करून देतात. पहिला वार आपण सांगायचा, तासांच्या रेघा हव्यात की मोकळे चौकोन ते सांगायचं, अक्षर केवढं, कागद कोणता, पुठ्ठा कसला, सगळं आपल्या मनासारखं. मग ते छापून स्पायरल घालून देतात. मला प्लॅनर हवा होता आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याला देवपुरात आम्ही दोघंच राहतो आणि मी कॉलेजसाठी एसटीने जळगावला येजा करते. आबांना संधिवात आहे. त्यासाठीची एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, त्यापेक्षा जास्त घेतली तर ती विषासारखी. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सावरले, बोलणं सावरलं, वारांची नावं तेवढी गळून पडली. आज कोणता वार विचारलं की ते खिडकीकडे बघत बसायचे. गोळ्या मी कुलपात ठेवते म्हटलं तर, "मी काय चोर शे का?" म्हणून दोन दिवस जेवले नाहीत. डॉक्टर म्हणाले, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून समोर ठेवा.

मग मी सोमवारपासून सुरू होणारा, तासांच्या रेघा आखलेला, मास्तरीण शोभेल असा प्लॅनर करून घेतला. अख्खा आठवडा दोन पानांवर. दर गुरुवारच्या चौकोनात मी लाल टिकली चिकटवली आणि आबांना सांगितलं, टिकली दिसली की गोळी. आबांनी मान डोलावली. माझ्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही. पान उघडलं की अख्खा आठवडा दिसायचा आणि अख्खा आठवडा दिसला की टिकलीही दिसायची. आबांनी सांगितल्याबरहुकूम केलं. आज टिकली दिसली, गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी पान उघडलं, टिकली तिथेच होती. तोंड आलं, भाकरीचा घास गिळवेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. औषधं दिली, आबा त्यातून निभावले. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल, आता यांना दिवसभर एकटं ठेवू नका.

एकटं ठेवायचं नाही म्हणजे नोकरी सोडायची. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मी लिहिला आणि पर्समध्ये ठेवून हिंडू लागले. आबांना ते कळलं असावं. ते माझ्याशी फार जपून, पाहुण्यासारखे वागू लागले. ते मला सोसवेना. म्हणून अर्ज देण्याआधी शेवटचा एक प्लॅनर करून बघू म्हटलं आणि या वेळी त्यांनाच बरोबर नेलं. वाटेत पारोळ्याच्या स्टँडवर त्यांनी चहा मागितला, तेवढाच काय तो शब्द.

त्या मुलीने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. आजोबा, आठवडा कोणत्या वारापासून? मी मध्ये पडणार होते, तेवढ्यात आबा म्हणाले, "घर बसाना दिन पहिले टाक. तठून मोजस मी."

मुलगी माझ्याकडे बघू लागली. घरी बसायचा दिवस पहिला, तिथून ते मोजतात, हे मला मात्र लख्ख समजलं. आबा आयुष्यभर आठवडे बाजार करत आले. दोर, कासरे, वेसणी, पोळ्याच्या आधी घुंगुरमाळा. रोज एका गावचा बाजार, आधी सायकलवर, पुढे चौघांत मिळून केलेल्या टेम्पोतून. एकच दिवस बाजार नसायचा. त्या दिवशी अंगणात दोर वळायचे आणि पीळ देताना दुसरं टोक आम्ही पोरं धरायचो. आमच्या घरात वारांची नावं कुणी घेतच नव्हतं, त्या दिवशी ज्या गावचा बाजार त्या गावाचं नाव घ्यायचे. सोनगीरच्या दिवशी मामा आले होते, असं म्हणायचे. शिकून मोठी झाले तशी मी ते विसरले. आबांना दुसरं काही कधी लागलंच नव्हतं.

मी हळूच विचारलं, "आबा, आज कुठला बाजार?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं नाही. लगेच गावाचं नाव सांगितलं. मग उद्याचं, परवाचं, अशी सगळी गावं ओळीने. कुठे चढण लागते, कुठल्या गावात उधारी चालत नाही, कुठे केळीवाले शेतकरी जाड दोर मागतात, सगळं. मी भिंतीवर नकाशा टांगून खानदेश शिकवते. आबांच्या डोक्यात तोच खानदेश सात दिवसांत फिरत होता आणि झटक्याने त्यातलं एक गावही हललं नव्हतं. काउंटरला हात टेकून मी नुसती ऐकत राहिले. इतका मोठा माणूस आपल्या घरात राहतो आणि आपण त्याला टिकल्या चिकटवून देतो.

मुलीने वारांच्या जागी आधी घर बसायचा दिवस, मग सोनगीर, मग पुढची गावं अशी नावं ठळक अक्षरांत छापली. दोन पानांऐवजी एकाच पानावर एकच दिवस छापू का, म्हणजे घोटाळा होणार नाही, असं तिने सुचवलं. आबांनी साफ नकार दिला. बठ्ठा म्हणजे अख्खा आठवडा एकदम दिसला पाहिजे, काल कुठून आलो ते दिसत नसेल तर आज कुठे आहोत ते कसं समजणार, असं त्यांचं म्हणणं. गोळीचा दिवसही त्यांनीच ठरवला, घर बसायचा. पुठ्ठा मात्र माझ्या पसंतीने निळा घेतला.

महिना बरा गेला. मी कॉलेजात असले की शेजारचं कुणीतरी आबांपाशी बसायचं. माझी भीती गेली नव्हती. अर्ज पर्समध्येच होता.

मग दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीत मला वार उरत नाहीत. चिवडा, पाहुणे, झोप यांत सगळे दिवस एकमेकांत मिसळून जातात. अशाच एका सकाळी, जेवण झाल्यावर, आज गोळीचा दिवस म्हणून मी डबीतून गोळी काढली आणि पाण्याच्या पेल्यासकट आबांच्या हातात दिली. आदल्याच दिवशी त्यांनी ती स्वतः घेतली होती, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आबांनी तळहातावरच्या गोळीकडे पाहिलं आणि ती माझ्या हातात परत ठेवली.

"काल लिधी ना मी," ते म्हणाले. "आज सोनगीर शे, बेटा."

मला खरं वाटेना. मी मोबाईल काढून वार बघितला, मग डबीतल्या गोळ्या मोजल्या. आबांचंच बरोबर होतं. मी गोळी डबीत टाकली आणि झाकण त्यांनी लावलं.

कॉलेज उघडलं त्या दिवशी मी अर्ज फाडून टाकला आणि सकाळच्या एसटीने जळगावला गेले. आबांना घरी एकटं ठेवून.