गुलाबी थेंब

मोहन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये बेअरिंगची खोकी लावत होतो. गेटवरचा वॉचमन आत आला आणि म्हणाला, "मोहनभाऊ गेले. घरून फोन होता." मी त्याला दोनदा विचारलं, कोण मोहन? आदल्याच रविवारी सकाळी मी शिवमंदिराजवळच्या त्याच्या खोलीत, त्याच्यासमोर बसून चहा प्यायलो होतो. आणि दर रविवारसारखाच, एक गोष्ट न सांगता उठून आलो होतो.

आम्ही एकाच वर्षी अंबरनाथच्या त्या कारखान्यात लागलो, तो इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला, मी स्टोअरला. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. त्याला घरी अँप्लिफायर बनवायचं वेड होतं. उल्हासनगरच्या बाजारातून तो मूठभर ट्रान्झिस्टर आणायचा, एकेक मीटरवर तपासायचा आणि अगदी सारखे निघतील अशा दोघांची जोडी लावायचा. ती जोडी पोटाला पोट लावून दोऱ्याने बांधायची, म्हणजे दोघे सारखेच तापतील. यावरून मी त्याची फार थट्टा केली आहे. "स्वतःच्या लग्नात पत्रिका एवढी बघितली होतीस का रे?" असं विचारलं की आतून नलिनीवहिनींचं हसू ऐकू यायचं.

त्याचं म्हणणं साधं होतं. गाणं लावलेलं नसेल तेव्हा अँप्लिफायरने स्पीकरला काहीही द्यायचं नाही, शून्य. जोडी जराशी विजोड असली तर मात्र गाणं नसतानाही थोडी वीज स्पीकरकडे जात राहते. कानाला कळत नाही, पण स्पीकरचा कागदी पडदा एका बाजूला रेटलेला राहतो आणि आतली तार तापत जाते. याला तो ऑफसेट म्हणायचा. तो घालवायला बोर्डवर प्रीसेट नावाचा एक दाण्याएवढा भाग असायचा, बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा. स्पीकर बाजूला काढायचे, त्यांच्या जागी मीटर लावायचा, अँप्लिफायरची पेटी चालू करायची आणि अर्धा तास नुसतं बसायचं. मी घाई केली की म्हणायचा, "थांब रे बाळ्या. थंड असताना सगळेच शून्य दाखवतात. गरम होऊ दे, मग खरं काय ते कळेल." अर्ध्या तासाने तो प्रीसेट केसभर हलवायचा, सुई शून्यावर आली की त्यावर वहिनींच्या लाल नेलपॉलिशचा एक थेंब टाकायचा. थेंब वाळला की प्रीसेट जागचा हलत नसे. ती त्याची सहीच होती.

पाचेक वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. हळद मोरिवलीला, आमच्या दारात. आमच्याकडे हळदीला गाणी नसली तर हळद लागली असं कुणी मानत नाही. मोहनने आपली सगळ्यात चांगली पेटी आणि स्वतःचे स्पीकर आणून लावले. त्या संध्याकाळी उल्हासनगरचे एक सिंधी दुकानदार, लालचंदशेठ, मुद्दाम त्याचं काम ऐकायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर त्यांच्या दुकानात मोहनच्या नावाने अँप्लिफायर विकायला ठेवायचे आणि मोहनने नोकरी सोडायची, इथपर्यंत बोलणं झालं होतं.

पेटी माझ्यावर सोपवून मोहन शेठना आणायला स्टेशनवर गेला आणि मी पेटी चालू केली. स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज आला. माझी आत्या दचकून म्हणाली, "आयो! या पेटीन कोन बसलाय रं?" सगळे हसले. चालू करताना एकदा धप्प होणारच, ते निराळं, असं मोहनने मला सांगितलं होतं. पण माझ्या अर्धवट डोक्याने ठरवलं की हाच तो ऑफसेट. शंभरदा बघितलं होतं ना! मी झाकण उघडलं, लाल थेंब खरवडला आणि मीटर न लावता, नुसत्या कानाने प्रीसेट फिरवला. दोन-चारदा पेटी चालू-बंद केली. धप्प कमी झालं असं वाटलं, तेव्हा मोठी कामगिरी केल्याच्या थाटात मी बहिणीची नेलपॉलिश आणली आणि वर थेंब टाकला. गुलाबी.

शेठ आले, खुर्चीत बसले, मान डोलवू लागले. मोहनचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. मग आवाज चिरकला, जळका वास आला, आणि एक स्पीकर कायमचा गप्प झाला. शेठ वाईट बोलले नाहीत. "साईं, आवाज तो बढिया है तुम्हारा. लेकिन मेरे कस्टमर का स्पीकर ऐसे जला, तो मैं उसको क्या बोलूं?" मोहन सगळ्यांसमोर म्हणाला, "जोडी लावताना माझंच चुकलं असेल." मी दोन पावलांवर उभा होतो. तोंड उघडलं नाही... बहिणीची हळद आहे, उद्या सांगू, असं मनाशी म्हणालो.

तो उद्या आला नाही. मोहनने विकण्यासाठी पुन्हा एकही पेटी केली नाही. तो मेंटेनन्सलाच राहिला. दर रविवारी मात्र तीच पेटी झाकण लावून टेबलावर असायची, स्पीकरच्या जागी मीटर. "गरम होऊ दे," म्हणून तो अर्धा तास माझ्यासमोर बसायचा. त्याला कळलेलं नाही, अशी मी दहा वर्षं स्वतःची समजूत घातली.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावून पेटी दिली. "ही बाळ्याची, असं ते नेहमी म्हणायचे." मी तिथेच झाकण उघडलं. जुना प्रीसेट तिथेच होता, वर माझा गुलाबी थेंब, जसाच्या तसा. त्याचे तारेचे पाय कापून तो सर्किटमधून काढला होता आणि नुसता चिकटवून ठेवला होता. शेजारी नवा प्रीसेट बसवला होता. त्यावर थेंब नव्हता.

मग मी वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी मोहनचा मीटरही आणून पेटीशेजारी ठेवला. "भाऊजी, हळदीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, हा रंग तुझा का गं? मी नाही म्हटलं. म्हटलं, दुसऱ्या कुणीतरी हात लावलाय, शेठना जाऊन सांगा की. तर म्हणाले, बाळ्याचं नाव घ्यावं लागेल. तो सांगेल आपणहून."

पेटी आता माझ्या घरी आहे. दर रविवारी सकाळी मी मीटर लावून ती चालू करतो आणि समोर बसतो. अर्ध्या तासाने सुई शून्यावर असते. मग मीटर काढून, उरलेला एक स्पीकर जोडून पुन्हा चालू केली की तसंच धप्प होतं. मी मोठ्याने सांगतो, "मोहन, प्रीसेट मीच फिरवला होता." नव्या प्रीसेटवर टाकायला वहिनींनी लाल नेलपॉलिशची बाटली सोबत दिली आहे. ती मी अजून उघडलेली नाही.