तिसऱ्या रांगेतून माइकपर्यंत

चार मराठी माणसं एखाद्या ठिकाणी नेमाने जायला लागली की किस्से आपोआप साठतात, घरात रिकामे डबे साठतात तसे. आमचे साठले अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावाजवळच्या एका लायब्ररीत. २००३ ते २००७ अशी चार वर्षं, महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी तिथे एखादे प्रोफेसर किंवा पत्रकार येऊन अमेरिकेच्या इतिहासावर बोलायचे. शेवटी लोक माइकवर जाऊन प्रश्न विचारायचे. तिसऱ्या रांगेत आम्ही ठरलेले: मी, माझी बायको मेघा, ऑफिसातला मित्र दिनेश आणि त्याची आई, सुमनकाकू.

काकूंनी कराडजवळच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला होता. इथे येऊन त्या नुसत्या दिनेशची आई झाल्या होत्या, आणि ते त्यांना खुपायचं. जाडजूड इंग्रजी पुस्तकं त्या सहज वाचत, पण बोलायची वेळ आली की अडायच्या. एकदा तरी स्वतः माइकवर जाऊन प्रश्न विचारायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. दर महिन्याला प्रश्न कागदावर लिहून आणायच्या आणि तो कागद तसाच पर्समध्ये घरी जायचा.

*

पहिल्या कार्यक्रमाला आम्ही पाऊण तास आधी पोचलो. व्याख्यान म्हणजे गर्दी, ही आपली समजूत! हॉल रिकामा होता. तरीही दिनेशने चार खुर्च्यांवर चार रुमाल टाकले आणि आम्ही कॉफी प्यायला गेलो.

परत आलो तर रुमाल गायब. लायब्रेरियन बाईंनी ते घड्या घालून हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात ठेवले होते, वर चिठ्ठीही लावली होती. जागा धरली होती, असं मेघाने त्यांना समजावलं. बाईंनी त्या रिकाम्या हॉलकडे एकवार पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "कोणापासून?"

*

दिनेशला माइकची भीती कधीच नव्हती. प्रश्न विचारायचा म्हणजे आधी स्वतः छोटंसं भाषण करायचं, हे तो पुण्यातच शिकून आला होता. एका पत्रकाराने रेल्वे बांधणाऱ्या मजुरांवर सुंदर मांडणी केली. दिनेश उठला आणि वक्त्याचं अभिनंदन, स्वतःचं गाव, आजोबांची रेल्वेतली नोकरी असं सगळं सांगत सुटला. शेवटी वक्त्यानेच अदबीने विचारलं, की तुमचा प्रश्न काय?

"प्रश्न नाही," दिनेश म्हणाला. "मला पटलं."

*

हा किस्सा माझा आहे, आणि सांगताना अजून लाज वाटते. एका वक्त्याने मूळच्या तेरा वसाहतींची नावं विचारली. काकू माझ्या शेजारी हलक्या आवाजात हजेरी घेतल्यासारखी नावं म्हणत होत्या. मी हात वर केला आणि ऐकू येतील तशी ती ठोकून दिली. टाळ्यांचा कडकडाट! काकूही टाळ्या वाजवत होत्या.

गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "दोन राहिली रे. अकराच सांगितलीस."

*

एका वर्षाच्या शेवटच्या कार्यक्रमाला मेघाने जाहीर केलं की पाहुण्याला हात हलवत पाठवायचं नाही. मग आम्ही एका सहा फुटी इतिहासकाराला शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. त्याने तो बाळासारखा दोन्ही हातांनी धरला आणि पार्किंग लॉटपर्यंत तसाच नेला.

महिन्याभराने त्याची ईमेल आली. नारळ ऑफिसच्या टेबलावर ठेवलाय, विद्यार्थी त्याच्याबद्दल काही विचारत नाहीत, पण निबंध वेळेवर देतात!

*

२००७ च्या शरदात काकूंनी कायमचं कराडला परतायचं ठरवलं. तिकीट निघालं. त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाला गुलामगिरीवर आयुष्यभर काम केलेल्या एक प्रोफेसर बाई आल्या होत्या. बाईंचं बोलणं संपलं. दिनेश सवयीने उठायला लागला. काकूंनी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उठल्या. कागद खुर्चीवरच राहिला. मेघाने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

इंग्रजी तुटक होतं, पण एकही शब्द वाया गेला नाही. मी मराठीत सांगतो. त्या म्हणाल्या, "मी शाळेत इतिहास शिकवायचे. तुमच्या वर्गात, ज्याचे पूर्वज विकले गेले आणि ज्याच्या पूर्वजांनी त्यांना विकत घेतलं, अशी दोन मुलं एकाच बाकावर बसत असतील. हा धडा शिकवताना तुम्ही कोणाकडे बघता?"

प्रोफेसर बाईंनी चष्मा काढला. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, असं त्यांनी कबूल केलं. मला इतका अभिमान वाटला की ऊर भरून आला. दिनेश तर उघड उघड डोळे पुसत होता.

मग बाईंनीच काकूंना विचारलं, "तुमच्या वर्गातही अशी मुलं होती?"

"होती. एकाच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. ज्यांनी भरू दिलं नाही, त्यांचा नातू शेजारी बसायचा."

"मग तुम्ही कोणाकडे बघायचात?"

काकूंनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"फळ्याकडे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं."