मास्तरांनी काढलेलं रक्त

दुसऱ्याच्या ताटातल्या भाकऱ्यांकडे आमच्या ड्रॉइंग मास्तरांइतकं बारकाईने पाहणारा माणूस अख्ख्या जव्हार संस्थानात नसेल. खाण्याची हाव म्हणाल तर मुळीच नाही, खायचे चिमणीएवढं. पण एका मापाच्या दोन वस्तू त्यांना जगात कुठे सापडत नव्हत्या, आणि ते चारचौघांना सांगितल्याशिवाय चैनही पडत नसे. "वहिनी, ही दुसरी भाकरी पहिलीपेक्षा दोन सूत लहान हो," असं ते पाटावर बसल्या बसल्या मला ऐकवीत, तेही इतक्या कौतुकाने की रागावता येत नसे. सुपाऱ्या निवडायला बसले की वाणी बाकीची गिऱ्हाइकं आटपून, घरी जेवून परत येई. एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी माझ्या ह्यांच्या कानात सांगितलं, "नवऱ्या मुलाचा डावा कान मोठा आहे." मास्तरांचं कुजबुजणं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं. ते नवरीनेही ऐकलं आणि अंतरपाट सरताच आधी तिकडेच पाहिलं. एकटा जीव, शाळेमागच्या खोलीत राहणारा. धोतरावर रंगाचे डाग आणि खिशात कायम टोक केलेल्या तीन पेन्सिली.

माझे यजमान दवाखान्यात डॉक्टर. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होता. काचेवर रक्ताचा थेंब पसरून त्यात दिसेल त्याचं चित्र टिपून ठेवावं, अशी त्यांची हौस. पण ह्यांनी काढलेला आंबा कुठला आणि उंदीर कुठला, हे त्यांनाही सांगता येत नसे. म्हणून मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी नळीला डोळा लावला तो तासभर काढला नाही.

"डॉक्टर, ही मंडळी कोण?"

"रक्तातल्या तांबड्या पेशी. निरोगी माणसाच्या जवळजवळ एका मापाच्या असतात."

एका मापाच्या म्हटल्यावर मास्तरांचा चेहराच पडला. पण आमच्या डोंगरातल्या रक्ताने त्यांना फार दिवस निराश केलं नाही. हिवताप, पोटातले जंत, अर्धपोटी राहणं यांनी त्या पेशींची अशी काही दशा केलेली असे, की शाळा सुटली की मास्तर थेट दवाखाना गाठू लागले.

त्या पावसाळ्याअखेर सूर्यमाळच्या एका पाड्यावरून भागीला डोलीत घालून आणलं. पहिलटकरीण, सातवा महिना. ओठ चुन्यासारखे पांढरे, पाय सुजलेले, नुसती कूस बदलली तरी धाप. सोबत तिची आई. ह्यांनी आधी जंतांचं औषध दिलं, मग लोहाचं. तीन आठवडे झाले तरी पोरीच्या अंगात रक्त भरेना. आणि मास्तरांनी चित्र काढून आणलं, त्यात लहान फिक्या पेशींच्या गर्दीत अधूनमधून ही मोठमोठाली वाटोळी. वाट्यांमध्ये ताटल्या मांडाव्यात तशी.

"मास्तर, हे रक्त आहे, भाकऱ्या नव्हेत!" हे कधी नव्हे ते ओरडले. "लोह कमी पडलं की पेशी लहान होतात. ह्या एवढ्या मोठ्या तुम्ही कुठून आणल्या?"

"मी कशाला आणू? आहेत तिथे."

"थेंब नीट पसरला नसेल."

"मग दुसरा पसरा."

दोन दिवस दोघांचं बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी मास्तर दवाखान्याच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. म्हणाले, "वर्गातल्या मुलाचं चित्र चुकलं असं म्हणण्याआधी मी समोरचं मडकं पुन्हा एकदा बघतो. तुम्हीही एकदा बघा. पोर दमत चाललीय."

ह्यांनी नवीन काच केली. मोठी वाटोळी तिच्यातही होती. त्या दिवशी जेवायला बसले ते ताटातल्या भाकरीकडेच बघत राहिले. मग मलाच समजावून सांगावं तसं म्हणाले, "लोह नसलं की पेशी लहान राहतात. दुसरंही एक सत्त्व असतं, पालेभाजीत, कलेजीत. ते नसलं की पेशी थोड्या होतात आणि उगाच मोठ्या होतात. भागीला दोन्ही कमी पडलंय. मी लहान पेशी पाहिल्या आणि तिथेच थांबलो. मास्तर थांबले नाहीत."

लोहाच्या जोडीला रोज बकऱ्याच्या कलेजीचा रस्सा द्यायचं ठरलं. पण शिपायाच्या हाती दिलेली कलेजी दवाखान्यात येईतो निम्मी होई. तेव्हा मास्तर म्हणाले, "मी आणतो." ज्यांच्या घरात लसूणही शिरला नव्हता, ते मास्तर झाकणाचा डबा हातभर लांब धरून, मान दुसरीकडे वळवून बाजारातून येऊ लागले. भागीची आई आवारात तीन दगडांवर रस्सा करी आणि लेक खाईपर्यंत मास्तर पाठ करून उभे राहत. आपण तिथे असताना मापात घट नको म्हणून!

"ए मास्तर," म्हातारी हाक मारी, "इकडं बघ की! पोर कलेजी खाते, तुला नाय खात!" डोंगरातली माणसं डॉक्टरांनासुद्धा अरेतुरे करत. मास्तरांना ते फार आवडे. लहानपणानंतर त्यांना कुणी 'ए' म्हटलेलंच नव्हतं.

महिन्याभरात भागीच्या ओठांवर रंग आला. थंडीत तिला मुलगी झाली; दोघी सुखरूप. निघायच्या दिवशी ह्यांनी पुन्हा काच केली. मास्तर पाच मिनिटांतच उठले. "फारसं काही काढण्यासारखं उरलं नाही हो," म्हणाले, आणि उपरण्याने डोळे पुसत बाहेर गेले.

पुढे दोनतीन वर्षांनी मास्तरच दवाखान्याची पायरी चढताना थांबू लागले. ह्यांनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि सुई काढली. मास्तर हात मागे घेत म्हणाले, "माझं रक्त बघाल, पण चित्र कोण काढणार?"

"मी काढतो," हे म्हणाले.

आणि खरंच काढलं. अख्खी दुपार खपून, तीनदा खोडून. मास्तरांच्या पेशी साऱ्या लहान आणि फिक्या होत्या. पोटात कुठेतरी आतल्या आत रक्त जात होतं, आणि तिथवर ह्यांचं कुठलंच औषध पोचणारं नव्हतं. ते चित्र घेऊन हे मास्तरांच्या खोलीवर गेले. मास्तरांनी ते बराच वेळ न्याहाळलं. पेन्सिल घेतली, दोनचार कडा सुधारल्या, एका पेशीचा फिकेपणा वाढवला आणि खाली कोपऱ्यात लिहिलं : शंभरपैकी पस्तीस.

त्यानंतर मास्तर चार महिने होते.

चित्र दाखवायला गेले होते त्या दिवशी हे घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि मला म्हणाले, "पास केलं मला त्यांनी." मग मागच्या दारी गेले आणि कितीतरी वेळ हात धूत राहिले.