उस्मानचाचांचं बुडालेलं राज्य

फेब्रुवारीतली सकाळ होती. वाचनालय उघडून मी नुकती वर्तमानपत्रं टेबलांवर मांडत होते, तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ काउंटरपाशी येऊन उभे राहिले. हातात कागदात गुंडाळलेली दोन पुस्तकं. "ही परत करायची राहिली होती. फार उशीर झालाय, माफ करा," ते म्हणाले. कागद सोडवला आणि वरच्या पुस्तकाचा फाटका कणा दिसताच ती कोणाकडची हे मला कळलं. तीन वर्षांपूर्वी गेलेली पुस्तकं. त्यांच्यासाठी मी एकदाही स्मरणपत्र पाठवलं नव्हतं. का नव्हतं, ते पुढे सांगेन. गृहस्थ म्हणाले, "मी उस्मान सोलकरांचा जावई. कुवेतला असतो. सासरे सोमवारी गेले... झोपेतच." मी नोंदवहीत पुस्तकं जमा करून घेतली. 'चहा घेता का?' एवढंसुद्धा विचारायचं मला सुचलं नाही. ते गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि किती तरी वेळ तशीच बसून राहिले. त्या दिवशी वाचनालयात सतरा-अठरा माणसं आली असतील. ही बातमी सांगावी असं त्यांतलं कोणी नव्हतं.

उस्मानचाचा पहिल्यांदा आले ते ऐंशी-एक्क्याऐंशी साली. नुकते बोटीवरून कायमचे घरी आले होते. उंच, वाकत चालल्यासारखे, डोक्यावर पांढरी टोपी, पांढराशुभ्र सदरा. त्यांनी मला विचारलं, "बाई, अमेरिकेच्या यादवी युद्धावर काय आहे तुमच्याकडे?" आमच्याकडे अमेरिकेच्या इतिहासाचं एकच पुस्तक होतं, तेही वाळवीने निम्मं खाल्लेलं. ते त्यांनी तिथेच बसून वाचलं, आणि जाताना मला त्यातल्या तीन चुका दाखवल्या. मला गंमत वाटली. त्यांच्या गावच्या, कर्ल्याच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला हा माणूस, सत्तावीस वर्षं मालवाहू बोटींवर सुकाणी होता. सुकाणी म्हणजे बोटीचं चाक ज्याच्या हातात असतं तो. कप्तान सांगेल तितकं वळवायचं, पण वळवायचं त्याने. इंग्रजी ते बोटीवरच शिकले होते आणि जगभरच्या बंदरांतून पुस्तकं जमवून पत्र्याच्या ट्रंकेत भरून घरी आणली होती. सगळी एकाच विषयावरची.

तो विषय म्हणजे एक राज्य. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेकडची अकरा राज्यं मूळ देशातून फुटली आणि त्यांनी स्वतःचं वेगळं प्रजासत्ताक काढलं. स्वतःची घटना, स्वतःचा अध्यक्ष, राजधानी, नोटा, सैन्य, सगळं. हे कशासाठी, तर आपल्या कापसाच्या मळ्यांवरचे गुलाम आपल्याकडून कोणी काढून घेऊ नयेत म्हणून. त्यांनी ते लपवलंही नव्हतं. घटनेतच लिहून ठेवलं होतं. चार वर्षांत उत्तरेने ते राज्य लढाईत मोडलं आणि गुलामगिरीही संपली. मी इतिहासाची पदवीधर, पण हे सगळं मला धड ठाऊक नव्हतं. चाचांनी ते मला महिनोनमहिने सांगितलं. आठवड्यातून दोनदा ते कर्ल्याहून चालत यायचे, दुपारची गर्दी ओसरली की काउंटरपाशी स्टूल ओढून बसायचे.

त्यांचं सांगणं पुस्तकी नव्हतं. सेनापतींच्या लढायांपेक्षा त्यांना बंदरं जास्त कळायची. ते म्हणायचे, "बाई, लोक सांगतात, ते राज्य अमुक टेकडीवर हरलं, तमुक नदीकाठी हरलं. खरं तर ते आधी समुद्रात मेलं. उत्तरेच्या बोटींनी सगळी बंदरं कोंडून टाकली. कापूस बाहेर जाईना, बंदुका आत येईनात. किनारा हातातून गेला की देश किती दिवस काढणार?" त्या राज्याला वाटत होतं, आपल्या कापसावाचून इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्रज धावत येतील. इंग्रज आले नाहीत. त्यांनी कापूस आपल्याकडून, मुंबईहून नेला. चाचा हसून म्हणायचे, "म्हणजे बघा, त्या बुडत्या राज्याच्या पायात आपल्याही कापसाची एक गासडी बांधलेली होती." मला ते वाक्य फार आवडलं होतं. घरी जाऊन कोणाला तरी सांगावं असं वाटलं, पण घरी सांगायला कोणी नव्हतं. आई गेल्यापासून मी एकटीच राहते. आमचं जमलं त्यामागे हेही एक कारण असावं. त्यांच्या घरी माणसं होती, पण हा विषय ऐकणारं कोणी नव्हतं. माझ्याकडे ऐकायला वेळच वेळ होता.

एकदा मी हौसेने वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठेवलं. फळ्यावर खडूने विषय लिहिला, खुर्च्या मांडल्या. चारजण आले. त्यातले दोघे देवरुखच्या एसटीची वेळ झाली म्हणून मधेच उठले, आणि उरलेल्यांपैकी एकजण पंख्याखाली झोपला. चाचांनी आवाजसुद्धा कमी केला नाही. पूर्ण तासभर, नकाशावर बोट ठेवून, त्या राज्याची शेवटची वर्षं सांगितली. वीस गुलाम असलेल्या घराला सैन्यभरतीतून सूट होती आणि ज्यांच्याकडे एकही गुलाम नव्हता त्या गरीब गोऱ्यांची पोरं मरत होती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सगळं संपल्यावर मी आभार मानले. खुर्च्या उचलू लागताना ते म्हणाले, "बोटीवर असं व्हायचं नाय. तिथे ऐकणारे पळून कुठे जाणार?" मी हसले. तेही हसले. पण त्यानंतर व्याख्यानाचं नाव आम्ही दोघांनीही कधी काढलं नाही.

या एका राज्याच्या मागे ते का लागले, हे त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी त्यांची बोट चार्ल्स्टनच्या बंदरात लागली होती. युद्धाचा पहिला तोफगोळा जिथे पडला तो किल्ला त्या बंदराच्या तोंडाशीच आहे. चाचांनी बोट त्याच्या जवळून आत घेतली. दुसऱ्या दिवशी ते पाय मोकळे करायला गावात गेले. एका खाणावळीला दोन दारं होती. एकावर 'गोरे' आणि दुसऱ्यावर 'रंगीत' अशी पाटी. "मी मधेच उभा राहिलो, बाई. मला कळेना, मी कोण? आपल्याला काय कोणी सांगितलेलं नाय. शेवटी एक काळा हमाल होता, त्याने मला हाताने खूण केली... इकडे ये म्हणून. त्याच्याबरोबर जेवलो. त्याला विचारलं, हे असं का? तो म्हणाला, त्याची मोठी गोष्ट आहे. आणि बोट सुटायची वेळ झाली." ती मोठी गोष्ट शोधत चाचा पुढची पंचवीस वर्षं पुस्तकं विकत घेत राहिले.

आणि मग त्यांनी स्वतः ती लिहायला घेतली, मराठीत. लांब आखीव वह्यांमध्ये, सुवाच्य अक्षरात. साडेचारशे पानं झाली तेव्हा गठ्ठा आणून माझ्यापुढे ठेवला. "तुम्ही पहिल्या वाचणार. खोटं बोलू नका." मी पंधरा दिवस वाचत होते. मराठीत त्या राज्यावर इतकं तपशीलवार लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नव्हतं. राज्य कसं स्थापन झालं, राजधानी कशी हलवली, कुठल्या लढाईत कोणती फौज कुठून वळली, शेवटी शरणागती कशी झाली, सगळं होतं. त्या सेनापतींची शिस्त, त्यांचं धाडस, त्यांचे सुंदर घोडे... वाचता वाचता मी त्यांच्याच जिंकण्याची वाट पाहू लागले, आणि तिथेच मला काहीतरी खटकलं.

वह्या परत देताना मी म्हणाले, "चाचा, यात गुलाम कुठे आहेत?"

"आहेत ना. पहिल्याच भागात आकडा दिलाय. पस्तीस लाख."

"आकडा आहे. माणूस नाही. साडेचारशे पानांत त्यांच्यातला एकही तोंड उघडत नाही."

ते थोडे गडबडले. "त्यांनी लिवलेलं कुठून मिळणार, बाई? त्यांना अक्षर शिकवणं हासुद्धा तिथे गुन्हा होता."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले, "मग हे पुस्तक त्यांच्या मालकांचं झालं. तुम्ही स्वतः त्या दोन दारांपुढे उभे राहिला होतात. तेही यात नाही."

"मी काय इतिहास आहे?" ते हळूच म्हणाले. मग वह्या दोरीने बांधल्या, गाठ नीट बसली की नाही ते पाहिलं, आणि "येतो" एवढंच म्हणून निघून गेले. त्यांच्याकडे आमची दोन पुस्तकं होती. ती परत करायला तरी येतील, म्हणून मी वाट पाहिली. स्मरणपत्र पाठवलं असतं तर ते पुस्तकं देऊन टाकून मोकळे झाले असते. नाही पाठवलं, तर येण्याचं निमित्त शिल्लक राहत होतं. असं मी तीन वर्षं करत राहिले. एकदा फक्त ते दिसले. मी राजापूरला निघाले होते, एसटीत खिडकीशी बसले होते, आणि ते स्टँडच्या खांबाला टेकून उभे होते. खूप वाळले होते. त्यांनी मला पाहिलं, हात वर केला, काहीतरी बोललेही, पण इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. गाडी सुटली. उतरायला हवं होतं... राजापूरला माझं असं काही अडलेलं कामही नव्हतं.

चाचा वारल्यावर दहा-बारा दिवसांनी मी कर्ल्याला गेले. चाचांच्या पत्नी हलीमाचाची पडवीत बसल्या होत्या. आमची आधी भेट झालेली नव्हती. मी नाव सांगितलं तशा म्हणाल्या, "वाचनालयातल्या बाई ना? तुमचं नाव ह्या घरात रोज निघायचं." मला वाटलं, रागाने निघत असेल. त्यांनी मला आत नेलं. खाटेवर वह्यांचा गठ्ठा होता. ओळखीच्या वह्या नव्हत्या, सगळ्या नव्या. "जुन्या वह्या तुमच्याकडून आणल्यान त्या दिवशीच परत पहिल्यापासून लिवायला बसले. पुरं झालं की बाईंना नेऊन देतो, म्हणायचे. एक भाग राहिला." मग त्या म्हणाल्या, "मला वाचता येत नाय. काय लिवलान ते सांगाल?"

मी पहिली वही उघडली. आता सुरुवातीला आकडा नव्हता, घटना नव्हती, सेनापती नव्हते. सुरुवातीला एक सुकाणी होता. चार्ल्स्टनच्याच बंदरात, त्या राज्याच्या लष्करी बोटीवर चाक धरणारा एक गुलाम. बंदराचा प्रत्येक उथळ भाग त्याला पाठ होता. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, बोटीवरचे गोरे अधिकारी रात्री घरी गेलेले पाहून, त्याने आणि त्याच्यासारख्याच गुलाम खलाशांनी पहाटेच्या अंधारात बोट धक्क्यावरून सोडली. कप्तानाची गवती टोपी त्याने डोक्यावर घातली. प्रत्येक किल्ल्यासमोर ठरलेली शिट्टी बरोबर दिली, घाई न करता, रोजच्या वेगाने. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर त्या राज्याचं निशाण उतरवलं, पांढरी चादर चढवली, आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. हा सगळा प्रसंग एका सुकाण्याने दुसऱ्या सुकाण्याबद्दल लिहिला होता. पाणी कुठे वळतं, चाक कुठे जड लागतं, कुठे श्वास रोखावा लागतो, सगळं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती: 'या किल्ल्याजवळून मीही बोट नेली आहे. तेव्हा मला हा माणूस ठाऊक नव्हता.' पुढच्या पानापासून ती दोन दारं सुरू होत होती.

मला वाचवेना. चष्मा पुसायच्या निमित्ताने मी थांबले. हलीमाचाची भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"एकटाच पळाला तो?" त्यांनी विचारलं.

"नाही. आधी दुसऱ्या धक्क्यावर बोट लावली. तिथे त्याची बायको-मुलं येऊन थांबली होती. त्यांना घेतलं."

"बायको होती बोटीवर?"

"होती. ती चादरसुद्धा तिनेच आणली होती, असं म्हणतात. इथे लिहिलंय चाचांनी."

सत्तावीस वर्षं ज्यांनी बंदराबंदरांवरून आलेली पत्रं शेजारच्यांकडून वाचून घेतली, आणि नवरा परत आल्यावर आणखी आठ वर्षं त्याला वह्यांवर वाकलेला पाहिला, त्या बाईला मी काय सांगणार होते?

"बरं केलान," त्या म्हणाल्या. "बरोबर नेलान तिला." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तेवढं परत वाचा."

आता दर रविवारी मी कर्ल्याला जाते. सहावी वही चालू आहे. पण पुढचं वाचण्याआधी मला ती चादरीची ओळ वाचावी लागते. ही चादरीची गोष्ट चाचांनी बायकोला कधी तोंडाने सांगितली होती का, ते मी विचारलेलं नाही. मी ओळ वाचते, त्या मान हलवतात, आणि मग आम्ही दोघी पुढच्या पानाकडे वळतो.