ओहायोची भाऊबंदकी

आमच्या शेजारच्या बाईंना वाटायचं, माझ्या आईचं नावच ‘आई’ आहे. मी दिवसभर त्याच हाका मारत होते, त्यात त्यांची काय चूक? त्याही तिला ‘आई’ म्हणू लागल्या आणि आईनंही ते मान्य करून टाकलं. “ऐंशी वर्षांची मुलगी झालीय मला,” असं ती फोनवर पुण्यातल्या मावशीला सांगायची. आई स्वतः अजून सत्तरीचीही नव्हती.

वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमध्ये आम्ही घर घेतलं तेव्हापासून कुंपणापलीकडे या बाई. एकट्या, ताठ कण्याच्या, बागेत गमबूट आणि बाकी सगळीकडे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं ऑस्ट्रेलियात. त्यांना नाद एकच, आपल्या घराण्याच्या वंशावळीचा. त्यांचे पणजोबा अमेरिकेतून, ओहायोमधल्या मक्याच्या आणि डुकरांच्या शेतावरून न्यूझीलंडला आले होते. त्या शेतावर जन्मलेली, मेलेली, लग्न होऊन गेलेली सगळी माणसं बाईंनी उरलेल्या वॉलपेपरच्या पाठीवर लिहून काढली होती, कारण साधा कागद पुरेना.

आई डिसेंबरात आली. मी आठवड्यातले तीन दिवस ट्रेननं वेलिंग्टनला ऑफिसात, नवरा पाचही दिवस. आईला करमेना. एकदा संध्याकाळी घरी येते तर आमच्या डायनिंग टेबलावर तो वॉलपेपर पसरलेला, उडू नये म्हणून कोपऱ्यांवर डाळींचे डबे, आणि दोघी त्यावर ओणव्या.

“ये, ये,” आई म्हणाली. “यांच्या खापरपणजीला चौदा मुलं झाली म्हणतात. शेवटचं पन्नाशीनंतर. तू सांग यांना, असं होत नसतं.”

बाई अभिमानानं म्हणाल्या, “फार्मवरच्या बायका हीप्स स्ट्राँग, खूपच दणकट असायच्या.”

“स्ट्राँग असू दे,” आई म्हणाली. “या दोन बायका आहेत.”

गोंधळ असा होता की खापरपणजोबांच्या बायकोचं माहेरचं आडनाव सगळीकडे एकच होतं, पण स्वतःचं नाव काही ठिकाणी एक आणि काही ठिकाणी दुसरं. बाई धरून चालल्या होत्या की एकाच बाईची दोन नावं. आईनं वॉलपेपरवर बोट ठेवलं. “पहिली सहा मुलं मोठीची. मोठी गेली. मग तिच्या पाठच्या बहिणीला याच घरात दिली. पुढची आठ तिची.”

मी भाषांतर केलं. बाईंचा चहाचा कप हवेतच राहिला. “सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याशी लग्न?”

“मग काय परकी आणायची? मुलांना बघायला मावशीच बरी.” आमच्याच घराण्यात अशी दोन लग्नं कशी झाली, हे आईनं लगेच सांगायला घेतलं. बाईंना ते सगळं इंग्रजीतून ऐकवताना माझा गॅसवरचा भात लागला.

बाईंना पटलं नव्हतं. त्यांनी ओहायोतल्या त्या गावात चौकशी केली. तिथून एका निवृत्त शेतकऱ्यानं फोन केला. तो त्याच घराण्यातला, त्याच शेतावर अजून राहणारा. त्यानं चर्चमागच्या स्मशानातला फोटो पाठवला. तीन दगड शेजारी शेजारी. मधे खापरपणजोबा, दोन बाजूंना दोघी बहिणी.

आईनं फोटो डोळ्यांजवळ नेला. “बघा, मधे झोपवलाय बिचाऱ्याला. मेल्यावरही सुटका नाही.”

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल सुरू झाले. बाईंचे पणजोबा मोठ्या बहिणीचा मुलगा आणि या शेतकऱ्याचे पणजोबा धाकटीचा, म्हणजे दोघे सावत्र भाऊ. आईनं निकाल दिला, “मग हा तुमचा चुलतभाऊच.” बाईंना कधी भाऊ नव्हता. त्यांनी चष्मा पुसला. भावानं न्यूझीलंडला यायची तिकिटंसुद्धा काढली.

आणि मग घोडी निघाली.

बाईंच्या घरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते की सावत्र भावानं जमीन बळकावली आणि पणजोबा बिचारे नेसत्या कपड्यांनिशी, पायी घराबाहेर पडले. ओहायोच्या भावानं कॉलवर सहज विचारलं, “पायी? आमच्याकडे तर म्हणतात, शेतावरची सगळ्यात चांगली घोडी घेऊन पळाला.”

“म्हणजे चोरून?”

“आता... कुणाला विचारून नेली नव्हती एवढं खरं.”

बाईंनी लॅपटॉप धाडकन मिटला. तो माझा होता. “आमच्या घराण्यात चोर नाहीत,” त्या म्हणाल्या आणि मागच्या दारानं निघून गेल्या. पुढचे रविवार आमच्याकडे शांततेत गेले. आई मात्र खुशीत होती. “भाऊबंदकी! इतक्या लांब येऊनही सुटली नाही. अगदी आपल्यातलीच माणसं.”

तिकिटं परत होणारी नव्हती. भाऊ फेब्रुवारीत आलाच. बाईंनी त्याला घरात घ्यायला नकार दिला, तो मोटेलमध्ये उतरला. शेवटी आईनं दोघांना आमच्या अंगणात जेवायला बोलावलं. “माझ्या घरी भांडण नको,” असं तिनं मला बजावलं. प्रत्यक्षात तिला ते पहिल्या रांगेतून बघायचं होतं.

तो आला तो उंच, वाकलेला, कान बाहेर आलेले, अगदी बाईंसारखे. आईनं मला चिमटा काढला. मी नमस्काराऐवजी माओरीतलं ‘किया ओरा’ म्हटलं, त्यानं ते फार काळजीपूर्वक परत म्हटलं. हात रिकामेच होते त्याचे, आणि त्याबद्दल तो पुन्हा पुन्हा माफी मागत होता. घरच्या शेतातली माती त्यानं बरणीत भरून बहिणीसाठी आणली होती, ती, बाहेरची माती इथं चालत नाही म्हणून, ऑकलंडच्या विमानतळावर काढून घेतली.

मी आईला सांगितलं. तिचा चेहरा एकदम बदलला. “माझी तुळशीची बी घेतली त्यांनी. याची माती घेतली होय!” तिनं त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

वाढलं होतं काय, तर मक्याची उसळ. जन्मभर मका पिकवलेल्या माणसानं मोहरी-मिरचीची फोडणी घातलेला मका पहिल्यांदा पाहिला. “आमच्याकडे हा बहुतेक डुकरांना जातो,” तो म्हणाला. हे वाक्य मी भाषांतरातून गाळलं.

बाई कुंपणापाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या, जेवत होत्या, पण त्याच्याकडे पाठ करून. दोघंही मला उद्देशून बोलत होते.

“यांना सांग, पणजोबा पायी गेले,” बाई म्हणाल्या.

“त्यांना विचार, पायी गेलेल्या माणसाबरोबर तबेल्यातली घोडी कशी नाहीशी होते?”

आईनं हात पुसले. “त्याला विचार, घोडी मुळात कुणाची? आली कुठून?”

तो विचार करून म्हणाला, “आजोबा सांगायचे, पहिल्या बायकोनं माहेराहून घोडी आणली होती. ही त्या घोडीचंच शिंगरू.”

आईनं मांडीवर थाप मारली. “झालं! आईचं स्त्रीधन. आईचं मुलानं नेलं. चोरी कसली?”

स्त्रीधन इंग्रजीत सांगायला मला बराच वेळ लागला. ओहायोवाला मात्र शेतकरी होता, सहज सोडणारा नव्हता. “पण दुसरीही त्याच माहेरची. घोडी दोघींच्या बापाची.”

आईनं माझी भाजी चिरण्याची सुरी उगाच हातात घेतली, खाली ठेवली. “धाकटी लग्नात काय घेऊन आली?”

“गाय, वाटतं.”

“ती कुठं गेली?”

“कुठं जाणार? आमच्याच गोठ्यात राहिली.”

“मग? मोठीच्या मुलाला घोडी, धाकटीच्या मुलाला गाय. वाटणी बरोबर झाली की!”

याला कसलाही पुरावा नव्हता. हे मी मराठीत आईला सांगितलं, तिनं मला ताक आणायला आत पाठवलं. मी परत आले तेव्हा त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. बहिणीच्या पाठीकडे बघत तो म्हणाला, “तो चोर नव्हता.”

बाईंनी खुर्ची फिरवली. म्हणाल्या, “पायी गेले, हेही जरा जास्तच होतं.” चेहरा पडला होता त्यांचा. नेसत्या कपड्यांनिशी, उपाशी, पायी गेलेला पणजोबा लहानपणापासून त्यांनी जपला होता, आणि आता तो दिमाखात घोडीवर बसून निघाला होता. मग त्या उठल्या आणि त्याला म्हणाल्या, “चल, घर दाखवते. मोटेलमधली बॅग घेऊन ये.”

“स्वीट अ‍ॅज,” तो म्हणाला. म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’; कुठं शिकला कोण जाणे.

दोन दिवसांनी मी सगळ्यांना गाडीतून रेमुटाकाच्या घाटापलीकडे वाइरारापात घेऊन गेले. पणजोबांची कबर तिथल्या एका टेकडीवरच्या जुन्या स्मशानात आहे. घाटात आईला गाडी लागली, दोनदा थांबावं लागलं. वर वारा असा की बोलणं ऐकू येईना. भाऊ कबरीसमोर उभा राहिला. दगडावर शेवाळ चढलेलं, अक्षरं पुसट. त्याला काय करावं कळेना. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. मग खाली मान घालून हळूहळू पुटपुटायला लागला.

“प्रार्थना म्हणतोय का?” आईनं विचारलं.

मी जवळ गेले. तो घरची खबर देत होता. कोठाराचं छप्पर नवं घातलंय. ओढ्यानं दोन वर्षांपूर्वी काठ बदलला, खालचं शेत थोडं गेलं. धाकटा मुलगा शहरात असतो, पण मोठी मुलगी शेत बघते, चांगलं बघते.

मी आईला सांगितलं. ती पदर डोक्यावरून घट्ट धरून उभी राहिली.

बाई पुढं झाल्या आणि त्यांनी भावाच्या दंडावर हात ठेवला. “जरा मोठ्यानं बोल,” त्या म्हणाल्या. “म्हातारपणी त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं.”

त्यानं मान हलवली, घसा साफ केला आणि छपरापासून परत सुरुवात केली.