शेषूकाकांचा उलटा हेडफोन

गाणं अर्ध्यावर आलं की शेषूकाका कानांवरचा हेडफोन काढत, उलटा फिरवत आणि पुन्हा घालत. डाव्या कानाची वाटी उजव्यावर, उजव्याची डाव्यावर. समोर मृदंगवाले बसलेले असोत की देवळाचे विश्वस्त, काकांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं, दोन खोल्यांचं, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेलं. त्या उलटसुलट करण्याला गावात भारी मान होता. "अण्णांनी हेडफोन फिरवला म्हणजे गाणं पक्कं झालं," असं लोक म्हणत; गावाचे ते अण्णा.

काकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेलं मराठी; मी त्यांची पुतणसून, मिरजेची. तंबोऱ्यांच्या गावची असल्यामुळे गाण्यातलं आपल्याला कळतं, अशी माझी ठाम समजूत होती. लग्न होऊन तंजावुरला आले आणि त्याच आठवड्यात काकांनी मला दुकानात नेऊन, माझ्या डोक्यातला गजरा सांभाळत, एकामागून एक दोन हेडफोन ऐकायला लावले. गाणं तेच. पहिला हेडफोन गुबगुबीत, कोणीतरी सिंगापूरहून आणलेला. दुसरा काळा, कडक, डोकं आवळणारा.

"कोणतं बरं, सांग पाहूं?"

"पहिला," मी बेधडक म्हणाले. "दुसऱ्यात बाईंचा आवाज चिरकतोय."

"चिरकतोच तो. पहिल्यानें तुला सांगितलं नाहीं, एवढंच." काका खुशीत आले होते. "हें पायसम, गोड खीर. ऐकायला हेंच. आणि तें कषायम, औषधाचा काढा. कामाला तें पाह्यजे." मिरजेचा तोरा तिथेच उतरला, आणि मी दुकानात मदतीला जाऊ लागले.

बाहेरचा माल मोकळेपणी देशात येऊ लागला होता, ते दिवस. दुकानांत हेडफोनांच्या माळा लटकू लागल्या. घेणारा आधी काकांकडे यायचा आणि काका प्रत्येकाला एकच विचारायचे, "ऐकायला की कामाला?" पायसमाला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. शेजारचे एक गणिताचे मास्तर हट्टाला पेटले होते, मला कषायमच हवा, जाणकार तोच वापरतात म्हणून. काका म्हणाले, "दिवसभर शाळेंत पोरांच्या चुका काढतां, आतां घरीं येऊन गाण्याच्याही काढायच्या कां? पायसम घ्या, पाय पसरून बसा, ऐका. पोदुम." पोदुम म्हणजे पुरे. त्यांचं पोदुम आलं की वाद संपायचा. मास्तरांनी निमूट गुबगुबीत हेडफोन घेतला आणि पुढे भेटेल त्याला त्याची तारीफ ऐकवली.

काम करणाऱ्याला मात्र ते सोडत नसत. जवळच्या पापनाशम गावचा सेल्वम हा तिशीतला गडी. त्याचंही रेकॉर्डिंगचं दुकान होतं. त्याने एका भजनाच्या कॅसेटचे आवाज पायसमावर ऐकून मिसळले होते. त्या हेडफोनात मृदंग आपोआपच घुमतो, म्हणून त्याने तो कमी केला, आणि बसस्टँडवरच्या चहावाल्याच्या डबडा टेपवर कॅसेट लावली तर मृदंग गायब! काकांनी त्याला कषायम घ्यायला लावला आणि महिनाभर शेजारी बसवून शिकवलं. सेल्वमने गुरूचं सगळं उचललं. हेडफोन अर्ध्यावर फिरवणंसुद्धा.

त्या फिरवण्यामागचं खरं मला कळलं ते जेवणाच्या पंगतीत. डाव्या बाजूने मी विचारलं, "सांबार वाढू का?" तर काका गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. घरातले म्हणायचे, शेषू पहिल्यापासून तिरसट. पण तिरसट माणूस सांबाराला कशाला रुसेल? मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तेव्हापासून मी त्यांना उजवीकडूनच वाढू लागले. काकांच्या ते लक्षात यायला वेळ लागला नाही.

"कळलं कीं तुला?" दुकानात दोघंच असताना त्यांनी विचारलं.

"हो."

"तरुणपणीं देवळाच्या उत्सवांत उखळी बार कानाशीं उडाला. डावा कान गेला तो गेलाच." गाण्याची एक बाजू एका कानात, दुसरी दुसऱ्यात. काकांच्या नशिबी एकच बाजू. दुसरी ऐकायला हेडफोन फिरवण्यावाचून इलाज नव्हता. "बाहेर बोलूं नको हो. एका कानाच्या माणसाकडे कोण गाणं आणून देईल?"

मी बोलले नाही. घरी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

मग एक दिवस सेल्वम आला. ओरत्तनाडूची भजनी मंडळी आत बसली होती, दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. सेल्वमने काकांच्या पुढ्यात एक कॅसेट ठेवली. हेडफोन फिरवल्यावर कोणता आवाज कोणत्या बाजूचा याचा त्याचा गोंधळ उडाला होता. गळा वाढवायचा तर त्याने मृदंगाचं बटण वाढवलं. गायकाच्या माणसांनी कॅसेट त्याच्या अंगावर फेकली होती.

"अण्णा, फिरवायची नेमकी जागा कोणती, ते तेवढं सांगा," तो तमिळमध्ये काकुळतीने म्हणाला. "मला साधत नाही. नाहीच साधलं तर दुकान बंद करतो आणि मेहुण्याच्या खताच्या दुकानात बसतो."

मी काकांकडे डोळे मोठे करून पाहिलं. काहीही सांगता आलं असतं. पल्लवीनंतर, धृपद संपलं की फिरव, म्हणाले असते तरी तो पाया पडून गेला असता.

"जागा-बिगा काही नाही सेल्वम," काका तमिळमध्येच म्हणाले, मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात. "माझा डावा कान बहिरा आहे. म्हणून मी फिरवतो. तुझे दोन्ही धड आहेत, तू कशाला फिरवतोस?"

मग मंडळींच्या प्रमुखांनी झांजा पिशवीत घातल्या, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन उठले.

ते गेल्यावर मी काकांवर अक्षरशः ओरडले. सासरच्या वडील माणसावर असं ओरडतात का, हे भान राहिलं नाही. "कशाला सांगितलंत?"

"कषायम कानाला लावायचं आणि दुसऱ्याच्या कानांत पायसम ओतायचं? तें पोर दुकान मोडायला निघालं होतं कीं."

पुढचे काही महिने वाईट गेले. गल्लीतून लोक यायचे, ते काकांच्या कानाची चौकशी करायला. गाणं कोणी आणत नव्हतं. काका रोज दुकान उघडत, यंत्रांवरची धूळ पुसत आणि जेवायला घरी येत. मला त्यांच्या पानात वाढताना रडू यायचं.

आणि सेल्वम परत आला, हातात स्वतःचा हेडफोन घेऊन. "अण्णा, फिरवणं बंद केलं. पण न फिरवता गाणं एका अंगाला कलतं. माझा उजवा कान जरा मंद आहे, फिरवलं नसतं तर कळलंच नसतं. कोणाचेच दोन कान सारखे नसणार."

काका एवढ्या मोठ्याने हसले की गल्लीतल्या बायका दारात आल्या. मग त्यांनी माझ्याकडून लाल दोरा मागून घेतला आणि सेल्वमच्या हेडफोनाच्या उजव्या वाटीला बांधला, पुन्हा बटणांचा गोंधळ नको म्हणून. त्या दिवसापासून सेल्वम आपलं प्रत्येक काम बाजारात देण्याआधी काकांकडे आणू लागला. सेल्वम आणतो म्हटल्यावर कुंभकोणमचे दोघे आणू लागले, मग गावातलेही. ओरत्तनाडूची मंडळी मात्र फिरकली नाहीत. माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

काका शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हाही सेल्वम पापनाशमहून गाडी पकडून यायचा आणि न सांगता त्यांच्या उजव्या बाजूला बसायचा. एकदा सकाळी त्याने नवीन भजन आणलं. काकांच्या डोक्यावर जपून हेडफोन ठेवला आणि कॅसेट सुरू केली. काका डोळे मिटून ऐकत होते. गाणं अर्ध्यावर आलं. काकांचा हात चादरीवरून उचलला गेला, छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुढे जाईना.

सेल्वम उठला. त्याने हलकेच काकांचा हेडफोन काढला, उलटा फिरवला आणि पुन्हा त्यांच्या कानांवर बसवला.

काकांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. "मृदंग जरा खाली," ते म्हणाले.

ती कॅसेट निघाली तेव्हा काका नव्हते. माझ्याकडे ती आहे. मृदंग जरा खाली आहे.